घरी बनवलेल्या ४×५ इंच फिल्मच्या कॅमेऱ्यात काच आणि फिल्म एका पातळीत आणण्याची सोपी युक्ती

ग्राउंड ग्लासवर, म्हणजे फोकस बघायच्या खरखरीत काचेवर, फोकस अगदी लख्ख, पण निगेटिव्ह जरासा मऊ, म्हणजे धूसर. लाकडी कॅमेरा घरी बनवणाऱ्याला हा ताप होतोच. बहुतेक वेळा ग्राउंड ग्लास आणि होल्डरमधली (फिल्म धरणाऱ्या चपट्या डबीतली) फिल्म यांच्या खोलीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो. व्हर्नियर (बारीक मोजायचं कॅलिपर) नसला तरी तो काढता येतो.

१. सागवानाची सरळ, जाड पट्टी घ्या. मधोमध एक स्क्रू आरपार बसवा आणि त्याचं टोक घासून बोथट करा.

२. होल्डरमध्ये एक वाया गेलेली फिल्म भरा. होल्डर रिकामा मोजू नका, फिल्मचीही जाडी असते. डार्क स्लाइड (फिल्म झाकणारी सरकती पट्टी) काढून पट्टी कडांवर आडवी ठेवा. स्क्रू इतकाच फिरवा की टोकाखाली सरकवलेला पातळ कागद हलकासा अडेल.

३. तीच पट्टी काचेच्या चौकटीवर, जी बाजू कॅमेऱ्याला टेकते तिच्यावर ठेवा. कागद इथेही तसाच अडायला हवा. मध्यभागी आणि जमेल तितकं चारही कोपऱ्यांजवळ बघा.

काचेची खाच मुद्दाम अर्धा मिलिमीटर जास्त खोल कापावी, म्हणजे नंतर काचेमागे खेळायच्या पत्त्याच्या पट्ट्या घालून भागतं. खाच उथळ झाली तर मात्र पटाशीने कोरत बसावं लागतं, आणि सगळीकडे सारखी कोरणं फार अवघड.

काचेची खरखरीत बाजू लेन्सकडेच हवी. ती उलटी बसली तर काचेच्या जाडीमुळे चूक होते आणि वरची सगळी मेहनत वाया जाते.