लिनक्सवर गेमिंग करायचंय? आधी गेमची यादी करा, पेनड्राइव्ह नंतर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नियमित अपडेट थांबवले. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर असलेली बहुतेक मशीन विंडोज ११च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. घरोघरी अशी धडधाकट मशीन आहेत: १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय किंवा आरएक्स ५७० ग्राफिक्स कार्ड, सगळं व्यवस्थित चालू. ती मोडीत काढू नका. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टमवर त्यांचं गेमिंग आजही छान होतं. पण तुम्ही कोणते गेम खेळता, त्यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून इन्स्टॉलेशनकडे जरा उशिरा येऊ.

१. रोजच्या गेमची यादी करा आणि तपासा

कागद घ्या. गेल्या वर्षभरात खरोखर खेळलेले गेम लिहा, विकत घेऊन पडून असलेले नकोत. मग प्रत्येक नाव 'प्रोटॉनडीबी' या संकेतस्थळावर शोधा. खेळणाऱ्यांनीच दिलेल्या अनुभवांवरून तिथे गेमला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ किंवा बोर्क्ड असा दर्जा मिळतो. प्लॅटिनम म्हणजे काहीही न बदलता चालतो, बोर्क्ड म्हणजे विसरा. नुसता दर्जा पाहून थांबू नका. खालचे ताजे अभिप्राय वाचा आणि त्यातही तुमच्यासारखं कार्ड असलेल्यांचे आधी वाचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' घ्या, नाहीतर 'सायबरपंक २०७७', 'विचर ३'. एकट्याने खेळायच्या अशा गेमपैकी बहुसंख्य गेमना आता अडचण येत नाही.

खरी अडचण ऑनलाइन स्पर्धेच्या गेमची आहे आणि तिचं कारण अँटी-चीट, म्हणजे खेळातली फसवणूक पकडणारे प्रोग्रॅम. 'व्हॅलोरंट'चं व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, उतरून काम करतं. लिनक्सवर ते नाही, त्यामुळे गेमही नाही. २०२४मध्ये 'लीग ऑफ लेजंड्स'लाही व्हॅनगार्ड लागलं आणि लिनक्सवर तोही थांबला. 'फोर्टनाइट' चालत नाही. ईएचे अलीकडचे 'एफसी' फुटबॉल गेम चालत नाहीत. 'एपेक्स लेजंड्स' व्यवस्थित चालत होता, पण ऑक्टोबर २०२४मध्ये ईएने लिनक्सचा दरवाजा बंद केला. 'जीटीए ५'ची कथा आरामात खेळता येते. 'जीटीए ऑनलाइन' मात्र सप्टेंबर २०२४मध्ये बॅटलआय हे अँटी-चीट आल्यापासून बंद आहे.

यातली मला सर्वात खटकणारी गोष्ट अशी की बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट ही दोन्ही २०२१पासून लिनक्सवर चालू शकतात. परवानगी गेम काढणाऱ्या कंपनीने द्यायची असते. 'एल्डन रिंग'वाल्यांनी दिली, तो ऑनलाइनही चालतो. म्हणजे बऱ्याच ठिकाणी तुमचं मशीन आणि लिनक्स तयार आहेत, कंपनीची इच्छा नाही. कोणत्या गेमने परवानगी दिली आहे हे 'आर वी अँटी-चीट यट' या संकेतस्थळावर कळतं. व्हर्च्युअल मशीन (लिनक्सच्या आत चालवलेलं विंडोज) लावून किंवा आणखी काही युक्ती करून व्हॅनगार्डला चकवू नका. खातं बॅन झालं तर वर्षांची मेहनत जाते.

यादीत 'व्हॅलोरंट' असेल आणि तो सोडवणार नसेल, तर त्याच्यापुरतं विंडोज ठेवा. 'काउंटर-स्ट्राइक २' किंवा 'डोटा २' खेळत असाल तर निश्चिंत असा, या दोन्हींची थेट लिनक्ससाठी काढलेली आवृत्तीही आहे.

२. ग्राफिक्स कार्ड ओळखा

विंडोजचे गेम लिनक्सवर कसे चालतात हे थोडक्यात समजून घ्या, पुढे उपयोग होतो. १९९३पासून 'वाइन' नावाचा प्रकल्प विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवतो आहे. त्यावर 'स्टीम' हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८मध्ये 'प्रोटॉन' आणलं. विंडोजचा गेम ग्राफिक्स कार्डाकडे डायरेक्टएक्स या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत चित्र मागतो. ९, १० आणि ११ आवृत्त्यांची मागणी 'डीएक्सव्हीके' हा भाग लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या भाषेत बदलतो आणि १२ची 'व्हीकेडी३डी-प्रोटॉन'. २०२२पासून व्हॉल्व्ह स्वतः लिनक्सवर चालणारं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र विकते, त्यामुळे या दुरुस्त्यांमध्ये तिचा स्वतःचा व्यवसाय गुंतलेला आहे.

थोडक्यात, कार्डाला व्हल्कन १.३ नीट यायला हवं. एएमडीचं आरएक्स ४७०, ५७०, ५८० किंवा त्यानंतरचं कार्ड असेल तर उत्तम. वेगळा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) लागतच नाही, तो लिनक्ससोबतच येतो. एनव्हिडियाची जीटीएक्स ७५०, ९०० आणि १००० मालिका चालते, पण त्यांच्यासाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे, त्याहून नवी निवडू नका. आपल्याकडे ऑफिसच्या पीसींमध्ये सर्रास दिसणारी जीटी ७१० आणि जीटी ७३० मात्र बहुतांशी केप्लर पिढीची आहेत. त्यांचा ड्रायव्हर ४७०वर थांबला, व्हल्कन १.३ मिळालंच नाही. प्रोटॉन ७ किंवा त्याआधीची आवृत्ती निवडून हलके, जुने गेम चालतील, पण त्यापुढची आशा धरू नका. इंटेलच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या अंगभूत ग्राफिक्सचंही साधारण तेच.

३. वेगळ्या एसएसडीवर इन्स्टॉल करा

विंडोजची डिस्क पुसू नका. ५०० जीबीची वेगळी एसएसडी लावा आणि लिनक्स तिच्यावर टाका. काही बिनसलं तर जुनं घर जसंच्या तसं राहतं. त्याआधी विंडोजमध्ये दोन कामं उरका: बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा आणि 'फास्ट स्टार्टअप' बंद करा.

लिनक्स अनेक रूपांत मिळतं; नवख्याला मी लिनक्स मिंट सुचवेन. बहुतेक सगळं माउसने होतं, टर्मिनल उघडावं लागत नाही. कार्ड नुकतंच बाजारात आलेलं असेल तर मात्र मिंटमधला जुना ड्रायव्हर त्याला पुरेल असं नाही; तिथे बॅझाइट किंवा फेडोरा घ्या. मिंटची आयएसओ फाइल बलेना एचर या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून मशीन सुरू करा आणि इन्स्टॉल करण्याआधीच वायफाय, आवाज, ब्लूटूथ चालतात का बघून घ्या.

४. ड्रायव्हर

इन्स्टॉल झाल्यावर सगळे अपडेट करा. एनव्हिडिया असेल तर 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून शिफारस केलेला ड्रायव्हर निवडा आणि मशीन रीस्टार्ट करा. सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त सही असलेले प्रोग्रॅम चालू देणारी सोय) चालू असेल तर आधी एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टला निळा पडदा येतो. घाबरू नका, तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा घाईत सोडून दिला तर ड्रायव्हर लोड होत नाही आणि गेम रखडत चालतात. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील तर गेम एनव्हिडियावरच चालतोय याची खात्री करा.

५. स्टीम आणि प्रोटॉन

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये स्टीम दोन रूपांत दिसतं. 'सिस्टम पॅकेज' घ्या. दुसरं रूप, फ्लॅटपॅक, तेही चालतं, पण त्याला दुसऱ्या डिस्कवरचे फोल्डर दिसावेत म्हणून वेगळी परवानगी द्यावी लागते. उबुंटूवर असाल तर स्नॅप या पॅकेज प्रकारातलं स्टीम टाळा, व्हॉल्व्हच्या लोकांनीच तसं सांगितलं आहे.

लॉगिन केल्यावर सेटिंग्जमध्ये 'कम्पॅटिबिलिटी' उघडा आणि सगळ्या गेमसाठी स्टीम प्ले (प्रोटॉन वापरण्याची सोय) चालू आहे ना ते पाहा. नव्या आवृत्तीत ते आपोआप चालू असतं. मग नेहमीसारखं इन्स्टॉल आणि प्ले. पहिल्यांदा 'व्हल्कन शेडर्स'ची तयारी चालल्याचं दिसेल. ती होऊ द्या, नाहीतर खेळताना झटके बसतात.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती जागा. विंडोजच्या एनटीएफएस (विंडोजची फाइल ठेवण्याची पद्धत) डिस्कवर गेम आधीच आहेत, मग तीच लायब्ररी लिनक्समधल्या स्टीमला का जोडू नये? कारण प्रोटॉन ज्या फाइल आणि दुवे तयार करतं, ते एनटीएफएसवर नीट बसत नाहीत. गेम सुरूच होत नाही, किंवा आज होतो आणि उद्या नाही. गेम एक्स्ट४ या लिनक्सच्या पद्धतीच्या विभाजनावरच ठेवा. शंभर जीबी पुन्हा डाउनलोड करण्याचीही गरज नाही: जुन्या लायब्ररीच्या 'कॉमन' फोल्डरमधून त्या गेमचं फोल्डर नव्या लायब्ररीच्या 'कॉमन'मध्ये कॉपी करा, मग स्टीममध्ये इन्स्टॉल दाबा. असलेल्या फाइल तपासून ते फक्त उरलेलं आणतं. डेटाची मर्यादा असलेल्या कनेक्शनवर याने मोठी बचत होते.

६. गेम चालला नाही तर

गेमवर राइट-क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'कम्पॅटिबिलिटी'. तिथे प्रोटॉनची आवृत्ती बदलता येते. आधी 'प्रोटॉन एक्सपेरिमेंटल' लावून पाहा. कथेतल्या व्हिडिओच्या जागी रंगीत पट्ट्या किंवा काळा पडदा येत असेल तर बहुधा व्हिडिओ कोडेकची अडचण असते. 'प्रोटॉनअप-क्यूटी' या छोट्या प्रोग्रॅममधून 'जीई-प्रोटॉन' उतरवा, स्टीम बंद करून उघडा आणि ते निवडा. तरीही नाही झालं तर स्टीमच्या 'कम्पॅटडेटा' फोल्डरमधलं त्या गेमच्या क्रमांकाचं फोल्डर काढून नव्याने सुरुवात करता येते. पण सेव्ह फाइल बहुतेकदा त्यातच असतात. स्टीम क्लाउड नसलेल्या गेमच्या सेव्ह आधी बाजूला कॉपी करा.

एपिक आणि गॉग या दुकानांतले गेम 'हिरोइक' लाँचरमधून चालतात, बाकी लाँचरसाठी 'लुट्रिस' आहे. प्लेस्टेशनचे आणि वायरवाले एक्सबॉक्स कंट्रोलर लावले की ओळखले जातात.

एखादा गेम चालला, किंवा नाही चालला, तर स्टीमच्या हेल्प मेन्यूमधून सिस्टमची माहिती कॉपी करून प्रोटॉनडीबीवर तुमचा अभिप्राय नक्की टाका. कार्ड, ड्रायव्हरची आवृत्ती, प्रोटॉनची आवृत्ती आणि काय बदल करावा लागला, एवढं पुरे. '१०५० टीआयवर हा चालेल का' असं शोधणारा पुढचा माणूस तेच वाचणार आहे.