पोटातल्या बाळाच्या वाढीची नोंद कशी ठेवावी: पाळीच्या तारखेपासून बाळंतपणापर्यंत

घरातली मोठी माणसं म्हणतात "पाचवा लागला", डॉक्टर लिहितात १८ आठवडे आणि मोबाइलमधलं ॲप सांगतं, बाळ आता ढोबळ्या मिरचीएवढं झालं. मिरची गंमत म्हणून ठीक आहे. बाळ नीट वाढतंय का, हे मात्र एक तारीख पक्की धरून तिच्यापुढे दर तपासणीचे आकडे ओळीने मांडले तरच दिसतं. मुंबईत हे काम घरच्यांनीच अंगावर घ्यावं असं माझं मत आहे. इथे नाव घालतात पालिकेच्या प्रसूतिगृहात, सोनोग्राफी होते स्टेशनजवळच्या सेंटरमध्ये, रक्त जातं तिसऱ्याच लॅबला आणि बाळंतपण माहेरी, साताऱ्याला नाहीतर चिपळूणला. या सगळ्या ठिकाणी सोबत असते ती फक्त तुमची फाइल.

आधी तारीख पक्की करा

शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली, तो पहिला दिवस कालनिर्णयवर शोधा. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. समजा पाळी १० जूनला आली होती, तर बाळंतपणाची तारीख निघते १७ मार्च. हे झाले २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. आजीचे "नऊ महिने नऊ दिवस" या हिशेबाच्या किती जवळ आहेत बघा.

हा हिशेब दर २८ दिवसांनी येणाऱ्या पाळीचा आहे. तुमची ३५ दिवसांनी येत असेल तर तारीख आठवडाभर पुढे जाते. पाळी अनियमित असेल, पीसीओडी असेल किंवा पहिलं बाळ अंगावर पीत असतानाच दिवस गेले असतील, तर कॅलेंडर फारसं कामाचं नाही. म्हणून सात-आठ आठवड्यांची पहिली सोनोग्राफी महत्त्वाची. गर्भ गर्भाशयातच आहे ना, नळीत नाही ना, एक आहे की जुळं, ठोके आहेत का, हे तिच्यात दिसतं आणि बाळाची लांबी मोजली जाते. रिपोर्टवर तिला सीआरएल म्हणतात. या वयात सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात, त्यामुळे वय पाच-सात दिवसांच्या फरकाने सांगता येतं. पाळीची तारीख आणि ही सोनोग्राफी यांत आठवड्याहून जास्त फरक पडला, तर डॉक्टर सोनोग्राफीची तारीख धरतात. जी ठरेल ती फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहा. पुढच्या रिपोर्टवर वेगळी तारीख छापून आली तरी ही खोडायची नाही.

कॅलेंडरवर खुणा करा

वरचंच १० जूनचं उदाहरण पुढे नेऊ. एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजून जन्मजात दोषांचा अंदाज घेणारी सोनोग्राफी, ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच होते, म्हणजे २६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर. नेमके गणपतीचे दिवस! गावी जायचं असेल तर आधीच अपॉइंटमेंट घ्या, कारण नंतर ही तपासणी करता येत नाही. सोबतच्या डबल मार्कर रक्ततपासणीचंही तेच.

बाळाचे अवयव तपासणारा ॲनॉमली स्कॅन १८ ते २० आठवड्यांत, म्हणजे १४ ते २८ ऑक्टोबर. बरेचदा दिवाळीच्या सुट्ट्या इथेच येतात, पण स्कॅन पुढे ढकलू नका. काही गंभीर निघालं तर पुढची तपासणी आणि निर्णय यांना वेळ हवा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात २० आणि २४ आठवड्यांच्या मर्यादा आहेत. बाळात गंभीर दोष असेल तर २४ आठवड्यांनंतरही वाट आहे, पण ती मेडिकल बोर्डातून जाते.

शुगरची तपासणी पहिल्या भेटीत होते आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, म्हणजे २५ नोव्हेंबर ते २३ डिसेंबर. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्याहून जास्त आली तर ती गरोदरपणातली शुगर. त्यानंतर वाढीचे एक-दोन स्कॅन. सगळं ठीक असेल तर दर महिन्याला सोनोग्राफी लागत नाही.

प्रत्येक सोनोग्राफीआधी एक फॉर्म भरून सही घेतात. तो लिंगनिदानबंदीच्या कायद्याचा आहे. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे. असा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये.

दर तपासणीला काय लिहून घ्यायचं

बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. खासगीत नाव घातलं असेल तरी हे कार्ड काढून ठेवा, नंतर उपयोगी पडतं. किमान चार तपासण्या व्हायलाच हव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत मोफत तपासणी असते.

वहीत एका ओळीत लिहा: तारीख, आठवडे, वजन, बीपी, हिमोग्लोबिन, पोटाची उंची, बाळाचे ठोके. बीपी १४०/९० किंवा वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ७ च्या खाली गेलं तर नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. पोटाची उंची टेपने मोजतात आणि साधारण विसाव्या आठवड्यानंतर जितके आठवडे तितके सेंटिमीटर, दोन-तीन इकडेतिकडे. पाच रुपयांच्या टेपची ही तपासणी घाईगर्दीत हमखास राहून जाते. तुम्ही आठवण करून द्या. ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात. ते जलद आहेत की संथ यावरून मुलगा-मुलगी कळत नाही, शेजारच्या काकू काहीही म्हणोत.

सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचताना

इथेच सर्वांत जास्त घाबरगुंडी उडते. रिपोर्टवर चार मापं असतात: बीपीडी आणि एचसी डोक्याची, एसी पोटाच्या घेराची, एफएल मांडीच्या हाडाची. प्रत्येकापुढे आठवडे छापलेले. डोकं ३१ आठवड्यांचं, पोट २९ चं, मांडी ३० ची असं दिसलं की घरात फोनाफोनी सुरू. ते आठवडे म्हणजे त्या मापाचं बाळ सरासरीने किती आठवड्यांचं असतं एवढंच. आईवडील बुटके असले तर मांडीचं हाड आखूड दिसू शकतं.

या चार मापांतून मशीन वजनाचा अंदाज काढतं. तो १० ते १५ टक्के चुकू शकतो. २ किलो लिहिलंय म्हणजे खरं वजन १७०० ग्रॅमही असेल, २३०० ही असेल. म्हणून एका रिपोर्टवरून निष्कर्ष काढू नका. दोन रिपोर्ट शेजारी ठेवा, मधे किमान दोन-तीन आठवडे असू द्या आणि वाढ किती झाली ते बघा. बाळ आधीपासून लहानखुरं आहे पण आपल्या चालीने वाढतंय, तर बहुधा चिंता नसते. डोकं वाढतंय आणि पोटाचा घेर तिथेच थांबलाय, हे मात्र गंभीर. वारेतून पुरवठा कमी पडला की बाळ आधी मेंदूला देतं आणि पोट मागे राहतं. मग डॉक्टर कलर डॉपलर करून नाळेतला रक्तप्रवाह बघतात. "पाणी कमी आहे" असं सांगितलं तर एएफआयचा, म्हणजे बाळाभोवतीच्या पाण्याच्या मापाचा, आकडा विचारा: ५ च्या खाली कमी, २५ च्या वर जास्त.

हालचाल मोजा, आणि हे काम मशीनवर सोडू नका

पहिलटकरणीला बाळ फिरल्याचं १८ ते २० आठवड्यांत जाणवतं, दुसऱ्या खेपेला थोडं आधी. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून रोज मोजा. लोकलच्या हिसक्यांत आणि ऑफिसच्या धावपळीत लक्ष राहत नाही, म्हणून रात्रीच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर पडा आणि हात पोटावर ठेवा. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. बहुतेक बाळं त्याआधीच दहा पुऱ्या करतात. आठवडाभरात तुमच्या बाळाची रीत कळते. ती रीत मोडली, हालचाल स्पष्ट कमी झाली, तर सकाळची वाट बघू नका. केईएम, सायन, नायर, वाडिया, जिथे नाव असेल तिथे रात्रीही जा. "नवव्यात जागा उरत नाही, बाळ शांत होतं" हा समज घातक आहे. लाथेची तऱ्हा बदलते, हालचाली कमी व्हायला नकोत. ऑनलाइन मिळणाऱ्या यंत्रावर घरी ठोके ऐकून निश्चिंत होणंही धोक्याचं. ठोके चालू असतानाही बाळ अडचणीत असू शकतं.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, तळहात-तळपायांना खाज आणि पावसाळ्यात कुठलाही ताप, यातलं काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठा. गाडी मिळत नसेल तर १०८ लावा.

माहेरी जाताना

डोहाळजेवण झालं की जायचे बेत सुरू होतात. निघण्याआधी इथल्या डॉक्टरांकडून एक पान लिहून घ्या: पक्की तारीख, रक्तगट, बीपी-शुगरचा इतिहास, चालू गोळ्या, वार कुठे आहे, बाळ डोक्याकडून आहे की पायाळू. सगळ्या रिपोर्टचे फोटो काढून नवऱ्याच्या आणि भावाच्या फोनवर टाका. तिकडे पोचल्यावर आठवडाभरात तिथल्या डॉक्टरांना फाइल दाखवून टाका, कळा सुरू व्हायची वाट बघू नका.

आणि नातेवाइकांना १७ मार्च सांगू नका, "मार्चअखेर" म्हणा. अगदी तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच असतात. नाहीतर १८ तारखेला सकाळपासून फोन खणखणू लागतील. तारीख उलटली तर हालचाल मोजणं चालू ठेवा आणि डॉक्टर बोलावतील तितक्या वेळा जा. ४१ आठवडे, म्हणजे २४ मार्च जवळ आली की कळा आणायच्या का, हे ते तुमच्याशी बोलून ठरवतील.