मोटार विमा विकताना एजंटाने स्वतःला कसं सांभाळावं

पॉलिसी संपून मध्ये खंड पडला असेल, तर गाडी स्वतः बघितल्याशिवाय मी प्रस्ताव पुढे पाठवत नाही. ग्राहकाने पाठवलेले फोटो कधीचे आहेत कोण जाणे! चारही बाजू, काच, मीटरचं रीडिंग, चासी नंबर, सगळं आपल्या हाताने टिपा. पोचा आला असेल तर वाकून बघा. ताज्या धडकेत उघडा पडलेला पत्रा चकचकीत असतो. तिथे गंज धरलाय आणि मालक 'कालच लागलं' म्हणतोय, तर दोन प्रश्न जास्त विचारा. मात्र त्याला लबाड ठरवत बसू नका. दिसलं ते लिहून कंपनीला कळवायचं, बस.

खरी गोम असते गाडीच्या वापरात. खासगी म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्याने धावत असेल, तर दावा नामंजूर होऊ शकतो. मग ग्राहक बिनदिक्कत म्हणतो, "एजंटच म्हणाला होता, काही होत नाही." म्हणून फॉर्म त्याच्यासमोर, त्याला विचारूनच भरा. कोऱ्या फॉर्मवर सही? नावच काढू नका. फोनवर त्याने एखादं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून मिळणारं वाढीव कव्हर, नाकारलं, तर लगेच मेसेज टाका: 'आपण झिरो डेप्रिसिएशन (भरपाईतून सुट्या भागांची झीज न कापणारं कव्हर) नको म्हणालात.' उत्तरात नुसतं 'हो' आलं तरी पुरे.

जाहिरातीत 'सगळं कव्हर' असं छापू नका. झिजलेले टायर आणि इंजिनातला साधा बिघाड त्यात सहसा बसत नाही. त्यापेक्षा पॉलिसीची मुदत संपण्याच्या महिनाभर आधी ग्राहकाला फोन करा. माझी निम्मी नवी कामं तिथूनच येतात.