वर्गणी काढून शेअर घेताय? आधी युनिट ठरवा

शेअर बाजाराचा अनुभव घ्यायचा म्हणून चार-पाच मित्र थोडे थोडे पैसे एकत्र करतात आणि कोणा एकाच्या खात्यातून ऑनलाइन खरेदी करतात. यात भांडण बहुतेक वेळा तोट्यावरून होत नाही, हिश्श्यावरून होतं. मध्येच एखादा नवीन येतो, दुसरा पैसे वाढवतो, आणि मग कोणाचे किती हे धड कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून म्युच्युअल फंडासारखे युनिट, म्हणजे हिश्श्याचे समान भाग, करा. समजा, पाच जणांनी प्रत्येकी १,००० भरले. १० चं एक युनिट धरलं तर प्रत्येकाला १०० युनिट, एकूण ५००. पुढे शेअर आणि शिल्लक रोकड मिळून ६,००० झाले, की युनिट १२ चं झालं. आता सहावा १,२०० घेऊन आला तर त्याला १०० युनिट द्यायचे, १२० नाहीत. बाहेर पडणाऱ्याचा हिशोबही त्या दिवसाच्या भावानेच. ब्रोकरेज आणि इतर शुल्क आधी वजा करा. रक्कम लहान असली की तेच जास्त बोचतं.

खातं ज्याच्या नावावर, शेअर सहसा कागदोपत्री त्याचेच आणि कराची विचारणाही त्यालाच. त्यामुळे सगळ्यांच्या सह्यांचा साधा करार हवाच. पासवर्ड आणि ओटीपी मात्र खातेदाराकडेच राहू द्या. ग्रुपवर टाकायची ती कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरकडून येणारा खरेदी-विक्रीचा तपशील. आणि मार्जिनवर, म्हणजे थोडीच रक्कम भरून त्याहून मोठे, व्यवहार अजिबात नको, कारण तोटा वर्गणीच्या वर गेला तर ब्रोकर एकट्या खातेदारालाच धरतो.