कमी पैशांतला जुना गेम शो कसा पाहावा

हौशी नाटकांची नेपथ्यं करण्यात माझी बावीस वर्षं गेली. प्लायवूड, खिळे आणि उसना आणलेला सोफा एवढ्यातून दिवाणखाना उभा करायचा. त्यामुळे असेल, पण अमेरिकेतल्या केबल वाहिन्यांचे ८०-९०च्या दशकांतले गेम शो मी शोधशोधून पाहतो. "त्यात काय बघायचं?" असं कुणी विचारलं की माझी पद्धत सांगतो.

पहिल्यांदा आवाज बंद करून पाहा. सूत्रसंचालक गप्प झाला की भिंती दिसायला लागतात. सुरुवात एमटीव्हीच्या 'रिमोट कंट्रोल'ने (१९८७) करा. केन ओबर हा सूत्रसंचालक आपल्या घराच्या तळघरात खेळ मांडून बसलाय, अशी कल्पना. तळघर! तिथली अडगळ हीच सजावट, कुणी नावं ठेवायला नको. स्पर्धक आरामखुर्च्यांत, समोर भलामोठा टीव्ही, त्यावरची चॅनेलं म्हणजे प्रश्नांचे विषय. मध्येच वरून डोक्यावर खाऊ ओतला जातो. आणि जो बाद होतो तो खुर्चीसकट मागे भिंतीत ओढला जातो. हा क्षण थांबवून, मागे घेऊन पुन्हा पाहा. बाद होणाऱ्याचा निरोप हाच कार्यक्रमाचा सगळ्यात रंगलेला भाग, आणि त्याला लागते फक्त उघडणारी भिंत. एका एकांकिकेत मी सावकाराला असंच विंगेत ओढायला गेलो. खुर्ची गेली, सावकार रंगमंचावरच राहिला.

मग आवाज सुरू करा आणि पैसे मोजा. निकलोडियनच्या 'डबल डेअर'मध्ये (१९८६, सूत्रसंचालक मार्क समर्स) प्रश्न सुरू होतो दहा डॉलरपासून. उत्तर येत नसेल तर प्रश्न समोरच्या संघावर ढकलायचा, रक्कम दुप्पट. त्यांनी परत ढकलला की चौपट, म्हणजे चाळीस. तरीही अडलं तर उत्तराऐवजी अंगमेहनतीचा खेळ करायचा, आणि तिथे चिकट, गिळगिळीत पदार्थांचा सढळ मारा. शेवटी ६० सेकंदांत आठ अडथळे. चाळीस डॉलरसाठी कोण एवढं ओरडेल? पण अंगभर चिकटा लागला की रक्कम कुणाच्या लक्षात राहत नाही. मला मात्र दर वेळी एकच प्रश्न पडतो: हे सगळं पुसतं कोण?

बक्षिसांची यादी वाचली जाते तेव्हा भाग पुढे पळवू नका. पडद्यावर नाव झळकावं म्हणून कंपन्या वस्तू देतात, त्यातून बराच खर्च निघतो. लाइफटाइम वाहिनीवर १९९० साली आलेल्या 'सुपरमार्केट स्वीप'मध्ये तर स्टुडिओतच दुकान मांडलेलं. माल हीच सजावट, मालच खेळ: ढकलगाडीत जास्तीत जास्त किमतीचा माल भरायचा. तिथला एक नियम मला फार आवडतो: एका वस्तूचे पाचपेक्षा जास्त नग घ्यायचे नाहीत. नाहीतर ज्याला महागडं मांस सापडलं त्याने तिथेच गाडी भरली असती आणि आपण काय, पाठ बघत बसलो असतो.

'विन बेन स्टाइन्स मनी' (कॉमेडी सेंट्रल, १९९७) पाहताना स्पर्धकाकडे बघू नका, सूत्रसंचालक बेन स्टाइनकडे बघा. बक्षीस अवघं पाच हजार डॉलर, पण जिंकलेला प्रत्येक डॉलर त्याच्या खिशातून गेला असं मांडलेलं, आणि उरलेली रक्कम खरोखरच त्याला मिळे. पैसा वाढवला नाही, पैशाला मालक दिला.

सगळ्यात शेवटी, जरा नंतरचा असला तरी, डिस्कव्हरीचा 'कॅश कॅब' (२००५). मूळ कल्पना ब्रिटिश, अमेरिकी अवतार न्यूयॉर्कच्या टॅक्सीत. गाडीत बसलेले प्रवासीच स्पर्धक, तिसरं उत्तर चुकलं की असाल तिथे खाली उतरा. भिंत नाही, प्लायवूड नाही, उसना सोफासुद्धा नाही. पाहायला मला आवडतो, पण जरा रागच येतो. नेपथ्यकाराला त्यात कामच ठेवलेलं नाही.