टेस्टर दोन्ही भोकांत पेटला आणि मी शॉर्ट समजून बसलो

आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला आलेल्यांना सीरीज-पॅरलल, ओहमचा नियम वगैरे शिकवत बसत नाही. ते येतं तुम्हाला. मलाही येत होतं, मार्कही बरे होते. तरी सुट्टीत एका वायरमनच्या हाताखाली गेलो आणि चौथ्याच दिवशी माती खाल्ली.

घरात एकही दिवा लागेना. सॉकेटच्या उजव्या भोकात टेस्टर घातला, पेटला. डाव्या भोकात घातला, तिथेही पेटला! दोन्हीकडे फेज (करंट आणणारी जिवंत वायर), म्हणजे तो न्यूट्रलला (करंट परत नेणाऱ्या वायरीला) चिकटून शॉर्ट झालंच, असं मी घरमालकांना छातीठोकपणे सांगितलं, वर वायरिंग बदलावी लागेल असंही. दोन तास बोर्ड उघडत बसलो. फ्यूज शाबूत आहे, हे दिसत असूनही डोक्यात शिरलं नाही. फेज-न्यूट्रल खरोखर चिकटले असते तर फ्यूज कधीच उडाला असता.

मेन स्विचपाशी न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन वायर निसटली होती, बस्स.

मग डाव्या भोकात फेज आला कुठून? खोलीतल्या बल्बचं बटण चालू राहिलं होतं. फेज फिलामेंटमधून पलीकडच्या काळ्या, म्हणजे न्यूट्रलच्या, वायरीत उतरला, पुढे वाट तुटलेली. वाट नाही म्हणून करंट शून्य. बल्बवर पडणारं व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे तेही शून्य. २३० मधला एक व्होल्टही बल्बात खर्ची पडत नाही, सगळेच्या सगळे काळ्या वायरीवर येऊन उभे राहतात. टेस्टरला पेटायला मिलीअँपियरपेक्षाही कमी करंट पुरतो, तो पेटणारच. हा गुणाकार मी वहीत शंभरदा केला होता, पण करंटच्या जागी शून्य कधी घातलाच नव्हता.

पुन्हा असं दिसलं तर घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिज-टीव्हीच्या पिनाही काढा. डाव्या भोकातला टेस्टर विझला, तर न्यूट्रल तुटलाय. मग फेज-न्यूट्रलमध्ये टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला होल्डरातला बल्ब) लावत लावत मेनकडे सरका. जिथे लॅम्प लागेल, ती जागा आणि त्याआधी न लागलेली जागा, यांच्या मधल्या तुकड्यात घोळ आहे. टेस्ट लॅम्पला जुना फिलामेंटचा बल्बच घ्या, एलईडी चोरट्या करंटवरही मिणमिणतो आणि पुन्हा फसवतो.

आणि काळ्या वायरीला हात लावू नका. मध्ये बल्ब आहे, झटका हलका बसेल, हा भ्रम आहे. ६० वॉटचा थंड बल्ब शंभर ओहमसुद्धा नसतो, अंगाचा रेझिस्टन्स हजाराच्या घरात. व्होल्टेज जवळजवळ सगळं अंगावरच येतं. माझी बोटं संध्याकाळपर्यंत झिणझिणत होती. नशीब म्हणायचं.

‘टेस्टर पेटला की फेज, नाही पेटला की न्यूट्रल’ असं शिकवणाऱ्या उस्तादांवर माझा राग आहे. त्यांना खरं माहीत असतं, सांगायचा कंटाळा येतो. ओहमच्या नियमाचा तो व्होल्टेज-करंट-रेझिस्टन्सचा त्रिकोण तर फाडून टाका, बोटाने झाकून उत्तर येतं, डोक्यात काही उतरत नाही. दोन मिनिटांच्या व्हिडिओंबद्दल बोलतच नाही.

पण घाबरू नका. हा फॉल्ट एकदा हाताखालून गेला की पुढच्या वेळी पाच मिनिटांत सापडतो. मला सापडला, एका पिठाच्या गिरणीत. फक्त तिथे थ्री फेज लाइन (तीन फेज, एक न्यूट्रल) होती, आणि तिथे न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवरची उपकरणं २३० ऐवजी ४०० च्या जवळपास जातात. म्हणून तिथे आधी मेन पाडला, मग टेस्टर काढला.