लहान उद्योगांनी सामायिक सुविधा केंद्र कसे उभारावे

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव परिसरातील फाउंड्रींसमोर, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यांसमोर, साच्यांसाठी वापरलेल्या वाळूचे करायचे काय, हा जुना प्रश्न आहे. ती टाकायला जागा हवी आणि नवी वाळू विकत घ्यायला पैसा हवा. वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारा प्रकल्प एकट्या लहान कारखान्याला परवडत नाही, मात्र अनेकांना मिळून तो उभारता येतो. सर्वांनी मिळून वापरायच्या अशा सोयीलाच सामायिक सुविधा केंद्र म्हणतात. केंद्र सरकारचा सूक्ष्म व लघुउद्योग समूह विकास कार्यक्रम अशाच सामायिक गरजांसाठी आहे.

पहिली पायरी अर्जाची नव्हे. समूहातील, म्हणजे एकाच परिसरात सारखे काम करणाऱ्यांपैकी, प्रत्येक कारखान्याने सध्या कोणत्या कामासाठी बाहेर किती पैसे मोजावे लागतात, कोणत्या चाचणीअभावी माल परत येतो आणि प्रस्तावित यंत्र महिन्यातून किती तास लागेल, हे लेखी द्यावे. अनुदानाचा आकडा पाहून यंत्रांची यादी करण्याचा मोह होतो, पण ज्या यंत्राला काम देण्याची लेखी तयारी कोणीच दाखवत नाही, ते यादीतून काढलेलेच बरे.

त्यानंतर जिल्हा उद्योग केंद्राशी संपर्क साधावा. आधी समूहाच्या अडचणींचा निदान अहवाल आणि मग सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होतो. दरम्यान सदस्यांनी विशेष उद्देश कंपनी, म्हणजे केवळ हे केंद्र उभारण्यासाठी व चालवण्यासाठीची सामायिक कंपनी, स्थापन करावी. तीत किमान 20 उद्योग असावेत आणि कोणा एकाचा हिस्सा 10 टक्क्यांहून अधिक नसावा. ही मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे केंद्र एखाद्या मोठ्या कारखानदाराची खासगी मालमत्ता होत नाही. सर्व सदस्यांची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) अद्ययावत ठेवावी आणि जागेची कागदपत्रे निर्विवाद असावीत.

2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सर्वसाधारण (विशेष सवलत नसलेल्या) भागात 5 ते 10 कोटी रुपयांच्या केंद्राला केंद्र सरकारकडून प्रकल्पखर्चाच्या 70 टक्के, तर 10 ते 30 कोटींच्या केंद्राला 60 टक्के अनुदान मिळू शकते. उरलेली रक्कम राज्य शासन आणि कंपनी यांच्या वाट्यातून उभी राहते. सदस्यांनी आपले भागभांडवल आरंभीच बँकेत जमा करावे, कारण मंजुरीनंतर वर्गणी गोळा करत बसल्यास यंत्रखरेदी लांबते.

खरा कस लागतो तो केंद्र सुरू झाल्यावर. वीज, दुरुस्ती, प्रशिक्षित तंत्रज्ञांचा पगार आणि खेळते भांडवल यांची व्यवस्था कंपनीलाच सेवाशुल्कातून करावी लागते. म्हणून प्रकल्प अहवालातच दरपत्रक असावे, सदस्येतर उद्योगांनाही कोणत्या दराने सेवा मिळेल हे त्यात लिहावे, आणि पहिल्या वर्षी यंत्रे निम्म्याच क्षमतेने चालली तरी खर्च भागेल का, याचे गणित मांडावे. ते जुळत नसेल तर प्रकल्पाचा आकार कमी करावा. नित्य कामकाज पाहण्यासाठी पगारी व्यवस्थापक नेमावा. संचालकांनी आपापले कारखाने सांभाळून फावल्या वेळात केंद्र चालवायचे ठरवले, तर तातडीच्या कामासाठी आलेल्या सदस्याला ताटकळत राहावे लागते आणि तो पुन्हा बाहेरच्या प्रयोगशाळेकडे वळतो.